पहाटे कलणारं घर

देवगड तालुक्यात माझ्या आजोळी, खळ्याच्या पलीकडे, जांभ्या दगडाच्या गडग्याला लागून एक बस उभी असते. एके काळी ती लांब पल्ल्याची आरामबस होती. वय बावीस वर्षं. मामेभावाने ती जुनी घेतली, आसनं काढली, आत दोन पलंग, एक ओटा आणि पाण्याची टाकी बसवली. घरातले सगळे तिला घरगाडी म्हणतात. दिवाळीनंतर बायको-मुलांना घेऊन तो तिच्यातून भटकायला निघतो.

गेल्या डिसेंबरात मी तिच्यात चार रात्री झोपले आणि चारही पहाटे एकाच प्रकाराने जागी झाले. उशी सरकून डावीकडे गेलेली, ओट्यावरचं पातेलं कठड्याला टेकलेलं. बस मागून डाव्या बाजूला चांगली वीतभर नाही, पण अर्धी वीत बसलेली. इंजिन चालू केलं की दोन-तीन मिनिटांत म्हशीसारखी सावकाश उठायची आणि दिवसभर सरळ राहायची. आधीच्या वर्षी एका गॅरेजने डाव्या बाजूचे दोन्ही बलून बदलून दिले होते. खर्च झाला, दुखणं तिथेच राहिलं.

बलून म्हणजे एअर सस्पेन्शनमधली हवेची स्प्रिंग. ट्रकला आणि साध्या बसला पोलादी कमानपाटे असतात. या बसमध्ये त्यांच्या जागी जाड रबराचे फुगे आहेत. रबराच्या आत नायलॉनच्या दोऱ्यांचे एकमेकांना छेद देणारे थर असतात, म्हणून आत कितीही हवा असली तरी फुगा आडवा सुजत नाही. वर चॅसी म्हणजे गाडीचा सांगाडा, खाली एक्सल म्हणजे चाकांचा आस, मध्ये हवा. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत १९५४ साली रस्त्यावर आलेल्या ग्रेहाउंड या बसकंपनीच्या सीनिक्रूझर बसगाड्या अशाच हवेवर चालत. जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ या काळात बनवलेल्या जीएमसी मोटरहोममध्ये तर मागे प्रत्येक बाजूला एकामागे एक अशी दोन चाकं आणि त्या दोघांत मिळून एकच आडवा फुगा होता. त्या गाड्या जपून ठेवणाऱ्यांनाही सकाळी शेपूट टेकलेली गाडी बघायची सवय आहे. म्हणजे हे दुखणं आमच्या बसपुरतं नाही.

हवेची स्प्रिंग लोक का वापरतात, ते तिच्यात झोपून प्रवास केल्याशिवाय पटत नाही. पाट्यांचा कडकपणा ठरलेला असतो. तो भरलेल्या गाडीसाठी बेतलेला, त्यामुळे रिकाम्या बसच्या शेवटच्या बाकावरचा माणूस प्रत्येक खड्ड्याला उडतो. हवेच्या फुग्यात वजन वाढलं की दाब वाढतो आणि दाबाबरोबर कडकपणाही वाढतो. गाडी रिकामी असो की भरलेली, ती सेकंदाला साधारण सव्वा वेळा या एकाच संथ लयीत वर-खाली होते. आपलं शरीर उभ्या दिशेच्या ज्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त कंटाळतं ते सेकंदाला ४ ते ८ वेळा येणारे असतात. हा फुगा त्यांना खालीच अडवतो.

आता आमच्या बसचं गणित. मागच्या चार बलूनांवर मिळून सुमारे ६ टन भार, म्हणजे एकेकावर १५०० किलो. बलूनचा कामाचा व्यास २२ सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ ३८० चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ४ किलो येतात. गॅरेजमधले लोक दाब सांगताना नुसतं ‘चार किलो’ म्हणतात, त्याचा अर्थ हाच. मीही तसंच लिहिते.

या भागाकारात एक गोष्ट लपलेली आहे आणि सगळा घोळ तिच्यामुळे होतो. बलूनमधला दाब भार ठरवतो, हवा किती आहे त्याने तो ठरत नाही. हवा गळायला लागली तरी वरचे १५०० किलो तिथेच असतात, क्षेत्रफळही जवळपास तेवढंच असतं, म्हणून दाब चारच किलो राहतो. कमी होते ती उंची. मामेभावाने बलूनच्या नळीवर मुद्दाम एक प्रेशर गेज बसवून घेतला होता. रात्री चार, पहाटे गाडी कललेली असतानाही चार. “बलूनमध्ये हवा बरोबर आहे, मग गाडी बसते कशी?” हा त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. चॅसी खालच्या रबरी ठोकळ्यांवर टेकून भार त्यांच्यावर गेला, की मगच काटा खाली येतो. तोपर्यंत गेज काही बोलत नाही.

गावातल्या मेस्त्रींनी हे पुस्तकात वाचलेलं नाही, पण त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. बसखाली वाकूनही न बघता त्यांनी मला सांगितलं, “बाये, आधी टेप लाव, मगे पानो. रातभर हवा खय जाता ता बघूक व्हया.”

त्या रात्री मी टेप लावली. चारही चाकांच्या वर, चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर खडूने खुणा करून मोजलं आणि दर दोन तासांनी उठून पुन्हा मोजलं. आठ वाजता इंजिन बंद केलं. दहाला, बाराला, दोनला चारही आकडे जिथल्या तिथे, दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे. चार वाजता मागचा डावा कोपरा दोन सेंटिमीटर खाली होता. सव्वापाचला नऊ.

मामीने अंगणातून विचारलं, रात्री गारवा पडतो, हवा आक्रसते, त्याने तर नव्हे? शंका चांगली होती आणि तिला हिशोबाने उत्तर देता येतं. दाब कायम असताना हवेचं आकारमान तिच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतं. त्या रात्री पारा २७ अंशांवरून २० वर आला, म्हणजे निरपेक्ष मापात, २७३ मिळवून, ३०० वरून २९३. घट सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. बलूनमधला हवेचा स्तंभ २५ सेंटिमीटर धरला तर गाडी फार तर ६ मिलिमीटर खाली येईल, तीही चारही कोपऱ्यांवर. एकाच कोपऱ्याच्या नऊ सेंटिमीटरना गारवा जबाबदार नाही. ही गळतीच.

पण गळती रात्री आठला सुरू झाली असेल, तर पहाटे साडेतीनपर्यंत गाडी सरळ कशी उभी राहिली? याचं उत्तर लेव्हलिंग व्हॉल्व्ह नावाच्या हाताच्या पंजाएवढ्या भागात आहे. हा व्हॉल्व्ह चॅसीला जोडलेला असतो आणि त्याची दांडी खाली एक्सलला. माणसं चढली, गाडी खचली, की दांडी वर ढकलली जाते आणि कॉम्प्रेसरने भरून ठेवलेल्या टँकमधली हवा बलूनमध्ये जाते. माणसं उतरली, गाडी उचलली गेली, की दांडी खाली येते आणि जादा हवा बाहेर सुटते. मध्ये थोडी मोकळीक ठेवलेली असते, म्हणून काही मिलिमीटरच्या फरकाला तो दाद देत नाही. बसला असे व्हॉल्व्ह सहसा तीनच असतात, पुढे एक आणि मागे दोन. चार का नाहीत, हे तिपाईला विचारावं. तीन पाय कुठल्याही जमिनीवर नीट टेकतात, चौथा आला की डुगडुग सुरू. चार व्हॉल्व्ह असते तर ते एकमेकांशी भांडत हवा भरत-सोडत बसले असते. निदानासाठी ही मांडणी फार उपयोगाची आहे. पुढची बाजू पूर्ण बसत असेल तर संशय पुढच्या व्हॉल्व्हच्या वाटेवर, मागचा एकच कोपरा बसत असेल तर त्या कोपऱ्याच्या वाटेवर. आमचा संशय असा एका वाटेपुरता उरला.

आणि वेळेचा हिशोबही जुळला. गाडी जराशी खचली की व्हॉल्व्ह टँकमधून भरपाई करतो, इंजिन बंद असलं तरी. या कामाचा टँक ४० लिटरचा. त्यातला दाब ८ किलोवरून ४ वर येईपर्यंत तो बलूनला हवा देऊ शकतो. बॉइलने १६६२ साली सांगितलेला दाब आणि आकारमान यांचा नियम लावला, तर तेवढ्यात साध्या वातावरणातली १६० लिटर हवा खर्ची पडते. साडेसात तासांत १६० लिटर, म्हणजे तासाला एकवीसच्या आसपास. त्यानंतर टँक हरतो. डावीकडच्या दोन बलूनांत मिळून १९ लिटर जागा, दाब चार अधिक बाहेरच्या हवेचा एक, म्हणजे साध्या हवेच्या हिशोबाने ९५ लिटर असतात. पंचवीसपैकी नऊ सेंटिमीटर उंची गेली म्हणजे त्यातले ३४ लिटर गेले. त्याच वेगाने याला दीड तासाहून थोडं जास्त लागतं. तीन-चाळीसला सुरुवात, सव्वापाचला नऊ सेंटिमीटर. पहाटेच्या चहाबरोबर हा आकडा जुळताना बघून मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

कल दोन प्रकारचे असतात हेही इथेच सांगते. वेळेबरोबर वाढत जातो तो गळतीचा. गाडी चालू असतानाही तेवढाच असतो, तो व्हॉल्व्हच्या दांडीचा. तिच्या सांध्यातलं बुश झिजलेलं असतं किंवा कोणीतरी तिची लांबी चुकीची लावलेली असते. दुसऱ्या प्रकारात बलून बदलणं म्हणजे घड्याळ मागे पडतं म्हणून भिंत रंगवणं.

पुढे बसखाली जायचं होतं. मेस्त्रींनी आधी चॅसीखाली दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड लावले, चाकांना ओंडके घातले आणि मग आत सरकले. यात कधीही सूट घेऊ नका. हवेवर उभी असलेली गाडी जॅकवरच्या गाडीपेक्षाही बेभरवशाची. एखादी नळी निसटली की चॅसी आणि एक्सल यांच्यातली जागा क्षणात मिटते, आणि त्या जागेत माणसाचं डोकं असतं.

त्यांच्या हातात रिठ्याचं पाणी होतं. रिठ्यातल्या सॅपोनिनमुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि बारीकशा हवेनेही फेस धरतो. नवे बलून कोरडे राहिले. नायलॉनच्या नळ्याही कोरड्याच. मी त्यांच्यावर उंदरांनी कुरतडल्याची खूण शोधत होते, कारण मांगराजवळ उभ्या गाडीचा तो हमखास रोग. मग कुंचला व्हॉल्व्हच्या खालच्या, हवा बाहेर सोडणाऱ्या भोकावर गेला. गाडी सरळ होती, म्हणजे तिथून काहीच यायला नको होतं. एक बुडबुडा फुगला, मोहरीएवढा, वाटाण्याएवढा, फुटला. लगेच दुसरा.

व्हॉल्व्ह खोलला तेव्हा आतल्या रबरी बैठकीवर काळपट तपकिरी लेप होता, फणसाच्या चिकासारखा ओढला जाणारा. त्यात गंजाचा एक कण रुतून बसला होता. झाकण पूर्ण मिटत नव्हतं, इतकंच.

हा लेप येतो कुठून, हा खरा कोकणातला प्रश्न. ३० अंशांच्या हवेत एका घनमीटरला जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाणी वाफ होऊन राहू शकतं. किनाऱ्यावर पावसाळ्यात आर्द्रता ८५ टक्के धरली तर प्रत्यक्षात सुमारे २६ ग्रॅम असतं. टँकमधल्या ८ किलोंसाठी, बाहेरच्या हवेचा एक धरून, कॉम्प्रेसर अशी ९ घनमीटर हवा दाबून १ घनमीटरात कोंबतो. पाणी झालं २३४ ग्रॅम, जागा मात्र ३० ग्रॅमचीच. कॉम्प्रेसरमधून निघताना हवा कढत असते तोवर ते वाफेतच राहतं. थंड झाली की उरलेलं पेलाभर पाणी टँकमध्ये आणि नळ्यांत गळतं. उन्हाळ्यात घाटावर, ३५ अंशांच्या कोरड्या हवेत २५ टक्के आर्द्रता असेल, तर घनमीटरला दहाच ग्रॅम येतात. तीच बस, तोच कॉम्प्रेसर, किनाऱ्यावर अडीचपट पाणी पितो. ते अडवण्यासाठी ड्रायर असतो, त्यातले दाणे ओल शोषतात आणि मधूनमधून ‘फुस्स’ करून ती बाहेर टाकतात. आमच्या ड्रायरचं कार्ट्रिज शेवटचं कधी बदललं, ते मामेभावाला आठवेना. मेस्त्रींनी टँकखालचा नळ फिरवला आणि पातळ चहासारखं, तेलाचा तवंग असलेलं पाणी फसफसत मातीवर पडलं. बराच वेळ पडत राहिलं.

बाहेरून मीठ आपलं काम करतच असतं. शुद्ध मीठ ७५ टक्क्यांवर आर्द्रता गेली की हवेतली ओल ओढून स्वतः विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर तेहतीस टक्क्यांच्या आसपासच पाणी धरतं. म्हणजे पाऊस नसलेल्या दिवशीही चॅसीवरचा खारट थर ओलाच राहतो आणि लोखंड गंजत राहतं. बलूनच्या वरच्या पत्र्याची कड, जिथे रबर लोखंडाला घट्ट बसतं, ती आधी फुगते आणि तिथून हवा वाट काढते. रबराचं वेगळंच. दोडामार्गाकडे झाडांवरून चीक गोळा होतो ते हेच नैसर्गिक रबर; त्याच्या साखळीतल्या दुहेरी बंधांवर हवेतला ओझोन हल्ला करतो आणि ताणाला काटकोनात बारीक भेगा पडतात. बलूनच्या घडीत बोट फिरवून त्या बघाव्यात. वरवरच्या असतील तर घाई नाही, दोऱ्याचा थर दिसायला लागला तर बलून बदलायचाच.

मेस्त्रींनी व्हॉल्व्ह धुतला, नवं सील किट घातलं, ड्रायरचं कार्ट्रिज बदललं, टँक पूर्ण रिकामे केले. संध्याकाळी देवगडच्या दीपगृहापर्यंत एक फेरी मारून आलो आणि आठ वाजता इंजिन बंद केलं. रात्री मी उठले नाही. पहाटे सव्वापाचला टेप घेऊन उतरले, खळं दवाने ओलं होतं. पुढे उजवीकडे ४ मिलिमीटर, पुढे डावीकडे ५, मागे उजवीकडे ५. मागच्या डाव्या कोपऱ्याशी विजेरी तोंडात धरून दोनदा मोजलं. ५ मिलिमीटर.