लिम्फॅटिक ड्रेनेज मसाज: हे पार्लरपर्यंत आलं कसं

जळगाव-धुळ्याच्या पार्लरांच्या बोर्डावर आता फेशियलच्या खालीच लिम्फॅटिक ड्रेनेज लिहिलेलं दिसतं. चेहरा बारीक होतो, डिटॉक्स होतं, पोट उतरतं असं सांगतात. पाणी साचलेलं असेल तर ते सरकतं आणि चेहरा एखाद दिवस हलका दिसतो, एवढं खरंय. चरबी मात्र तिथेच राहते, आणि "घाण बाहेर काढायला" लिव्हर-किडनी आधीच कामाला आहेत.

मुळात ही पार्लरची गोष्ट नव्हती, म्हणजे होतीही आणि नव्हतीही. लसिकावाहिन्या, म्हणजे अंगात साचणारं पाणी (लिम्फ) परत रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्या, 1622 मध्ये एका कुत्र्याच्या पोटात दिसल्या, मग 1650 च्या दशकात डेन्मार्क आणि स्वीडनवाले आधी कोणी शोधलं यावर भांडले, ते सोडून देऊ. कामाची तारीख 1892. त्या साली एका ऑस्ट्रियन सर्जनने सुजलेल्या पायांसाठी मालिश, पट्टी, व्यायाम आणि स्वच्छता असं सगळं एकत्र लिहून ठेवलं. आजची ट्रीटमेंट जवळपास तीच आहे, पण तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

1932 च्या सुमारास फ्रान्समध्ये कान शहरात एक डॅनिश नवरा-बायको मालिशचं काम करायचे. त्यांच्याकडे येणाऱ्या जुनाट सर्दीच्या पेशंटांच्या मानेतल्या गाठी, म्हणजे या नळ्यांवरच्या लसिकाग्रंथी, फुगलेल्या असायच्या. तेव्हा गाठींना हात लावायचा नाही असाच नियम होता, यांनी लावला आणि तोही एकदम हलका. 1936 मध्ये पॅरिसमध्ये त्यांनी हे मांडलं ते आरोग्य आणि सौंदर्याच्या कार्यक्रमात, डॉक्टरांच्या सभेत नाही. त्यामुळे पुढची कितीतरी वर्षं हे ब्युटिशियन लोकांनीच सांभाळलं. जर्मन डॉक्टरांनी 1960 च्या दशकात त्यात लक्ष घातलं, 1970 च्या दशकात तिथल्या विम्यात ते बसलं, आणि 1980 च्या दशकात मालिश, पट्टी, व्यायाम, कातडीची निगा असं चार गोष्टींचं पॅकेज पक्कं झालं.

खरा वाद इथून पुढे आहे आणि तो अजून मिटलेला नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या, वर रेडिएशनचा शेक दिला की काही बायकांचा हात सुजतो, कधी लगेच, कधी दोन-चार वर्षांनी, बांगडी चढत नाही, ब्लाऊजची बाही शिवण उसवून मोठी करावी लागते. अशा हातावर हे पॅकेज वापरतात. प्रश्न असा की चौघांपैकी काम कोण करतं? 2015 मध्ये आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले तर नुसत्या पट्टीने सूज साधारण 30 ते 38 टक्के उतरत होती, आणि मालिश जोडलं की त्यावर अजून सात टक्क्यांच्या आसपास. तेही सूज सौम्य किंवा मध्यम असेल तर जास्त. म्हणजे गाडी पट्टी ओढते आणि मालिश धक्का देतं, असं आपलं मत. मालिशवाले म्हणतात हात हलका वाटतो, ठणका कमी होतो, त्याचं काय? तेही खोटं नाही, पण तासभर मालिश करून पट्टी न बांधता घरी गेलं की पाणी परत भरतं.

आणि पट्टीच तर आपल्याकडे टिकत नाही. मेडिकलवर मिळणारा साधा क्रेप बँडेज यात चालत नाही, कमी ताणणारी पट्टी लागते, जी हात स्थिर असताना आवळत नाही पण हात हलवला की दाब देते. आधी सुती मोजा, मग फोम, मग बोटांपासून वर थर. भुसावळला मे महिन्यात पारा 45 ला टेकतो तेव्हा हे अंगावर ठेवून बघा भो! आत घामोळ्या येतात, बाई दुपारीच सोडून टाकते, आणि मग मालिशनेच बरं वाटतं म्हणून मालिशच चालू राहतं.

आपल्याकडे मालिश म्हटलं की बाळंतिणीचं मालिश, तेल जिरवून रगडून काढायचं. इथे ते उलट आहे. या वाहिन्या कातडीच्या लगेच खाली असतात, त्यामुळे जोर लावायचा नाही, कातडी नुसती ताणून सोडायची. सुरुवात सुजलेल्या हातापासून होत नाही, आधी मान आणि हसळीजवळ, कारण सगळं पाणी शेवटी तिथेच रक्तात जातं, मग छाती, मग दंड, आणि बोटं सगळ्यात शेवटी.

हत्तीपायाचं थोडं वेगळं आहे. त्याच्या सरकारी गोळ्यांची सामूहिक मोहीम देशात 2004 ला सुरू झाली, पण गोळीने रक्तातले जंतू मरतात, जुना जाड झालेला पाय बारीक होत नाही. तिथे रोज साबणाने पाय धुणं, कोरडा करणं, बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्यांना मलम लावणं, रात्री पाय उंच ठेवणं हेच मुख्य. केळीच्या बागेत पाणी भरणाऱ्याला चिखल्या ठरलेल्याच, तिथून जंतू शिरले की पाय लालभडक, थंडी वाजून ताप, म्हणजे धावरं. अशा वेळी मालिश अजिबात नाही, आधी अँटिबायोटिक. पायात रक्ताची गाठ असेल किंवा हृदय कमजोर असेल तरी नाही, आणि एकच पोटरी अचानक सुजली तर आधी सोनोग्राफी.

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये 1990 च्या दशकापासून काखेतल्या पहिल्या एक-दोन गाठीच तपासून, त्या साफ निघाल्या तर बाकीच्या ठेवायची पद्धत आली, त्यामुळे हात सुजण्याचं प्रमाणच घटलं. ते श्रेय कुठल्याच मालिशचं नाही.