गोव्याच्या आभाळातली वाफ मोजताना तापमान कुठले धरायचे?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. तिथून निघालेली रेडिओ लहर पणजीतल्या एखाद्या गच्चीवरच्या अँटेनापर्यंत येते तेव्हा वाटेतल्या हवेमुळे तिला किंचित उशीर होतो. आयनांबरातला (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातला) उशीर दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सींची तुलना करून काढून टाकता येतो. तरीही खालच्या हवेचा उशीर उरतोच. उपग्रह अगदी डोक्यावर असला तरी तो खऱ्यापेक्षा अडीच मीटरच्या आसपास लांब असल्यासारखा भासतो. जमीन मोजणाऱ्यांना ही चूक नकोशी वाटते. हवामानाचा अभ्यास करणाऱ्यांच्या मात्र ती कामाची असते, कारण तिच्यात डोक्यावरच्या वाफेची नोंद असते.

या अडीच मीटरांपैकी सुमारे २.३ मीटर कोरड्या हवेचे. ते काढायला फारशी यातायात लागत नाही, चांगला वायुभारमापक पुरतो. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने (दाब मोजायचे एकक) बदलला की हा उशीर २.३ मिलिमीटरने बदलतो, इतके सरळ नाते आहे. तो वजा केला की शिल्लक राहतो तो वाफेचा वाटा. भर पावसाळ्यात गोव्यासारख्या ठिकाणी तो ३५ ते ४० सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो. आता या सेंटिमीटरांवरून पाणी किती ते काढायचे, आणि खरी अडचण इथेच सुरू होते.

पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धन, दुसरे किंचित ऋण असते. रेडिओ लहर जवळून गेली की तिच्या विद्युतक्षेत्राबरोबर हे रेणू वळू पाहतात आणि त्यामुळेच लहर रेंगाळते. पण हवा तापलेली असली की रेणूंची धडपड, टक्कर वाढते आणि त्यांना एका दिशेने वळणे जमत नाही. शिगम्याच्या रोमटामेळात (नाचत जाणाऱ्या मिरवणुकीत) ढोलाच्या ठेक्यावर सगळे एकत्र वळतात, पण गर्दीत धक्काबुक्की सुरू झाली की ठेका तोच असूनही वळण्यातला एकसारखेपणा मोडतो, तसेच हे. थोडक्यात, तेवढीच वाफ गरम हवेत कमी उशीर करते आणि थंड हवेत जास्त. म्हणून तापमान माहीत नसेल तर उशिरावरून पाण्याचा आकडा निघत नाही.

पण तापमान कुठले? जमिनीवर ३२ अंश असतात आणि पाच किलोमीटरवर शून्याच्या जवळपास. वाफ या सगळ्या उंचीत पसरलेली, खाली दाट, वर विरळ. त्यामुळे जिथे वाफ जास्त तिथल्या तापमानाला जास्त वजन देऊन सरासरी काढावी लागते. तिला भारित सरासरी तापमान म्हणतात. ते काढायला प्रत्येक उंचीवरचे तापमान आणि आर्द्रता हवी, आणि अँटेनाजवळ असतो फक्त जमिनीवरचा थर्मामीटर.

१९९२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी यावर एक सोपा उपाय सुचवला. तिथल्या १३ केंद्रांवरून सोडलेल्या ८,७१८ हवामान-फुग्यांच्या (वर जाता जाता तापमान, आर्द्रता मोजणाऱ्या) नोंदी घेऊन त्यांनी सूत्र मांडले: जमिनीवरचे तापमान केल्विनमध्ये (सेल्सिअस अधिक २७३.१५) घ्या, ०.७२ ने गुणा, त्यात ७०.२ मिळवा, की भारित तापमान केल्विनमध्येच मिळते. हे सूत्र जगभर गेले. मात्र ती केंद्रे २७ ते ६५ उत्तर अक्षांशांमधली होती आणि पणजी आहे साडेपंधरा अंशांवर. तिकडे हिवाळा-उन्हाळ्यात जमिनीचे तापमान प्रचंड बदलते आणि वरची हवाही त्याच्याबरोबर बदलते. आपल्याकडे तसे होत नाही.

मे महिन्यातला एक दिवस धरू. पहाटे २६ अंश, दुपारी ३४. या सूत्राने भारित तापमान, पुन्हा सेल्सिअसमध्ये आणून, पहाटे १२.४ अंश येते, दुपारी १८.२. म्हणजे जवळजवळ सहा अंशांचा फरक. प्रत्यक्षात दोन-तीन किलोमीटरवरची हवा दिवसरात्रीत एवढी तापत नाही, जे काही तापते ते जमिनीलगत. सहा अंशांच्या या खोट्या चढउताराने वाफेच्या आकड्यात सुमारे २ टक्के फरक पडतो. डोक्यावरची सगळी वाफ पाणी होऊन खाली साचली तर ५० मिलिमीटर थर होईल असे धरले, तर १ मिलिमीटर. ऐकायला किरकोळ, पण ३,७०२ चौरस किलोमीटरच्या गोव्यावर १ मिलिमीटर म्हणजे ३७० कोटी लिटर पाणी. त्यातही ही चूक येते नेमकी दुपारी, समुद्रावरचा वारा खरीखुरी ओल घेऊन आत शिरतो तेव्हा. मग आकड्यातली वाढ वाऱ्याने आणली की सूत्राने, हे सांगता येत नाही. मला या पद्धतीतली सर्वांत चिंतेची गोष्ट हीच वाटते.

ऋतूंचाही प्रश्न आहे. जानेवारीत सकाळी घाटाकडून कोरडा वारा येतो आणि वाफ समुद्रसपाटीजवळच्या पातळ थरात दडलेली असते. जुलैत तीच वाफ कित्येक किलोमीटर वर पोहोचलेली असते, थंड थरांत. जमिनीवरचा थर्मामीटर दोन्ही महिन्यांत २८ अंश दाखवू शकतो, पण वाफेची ठिकाणे अगदी वेगळी.

म्हणून स्थानिक प्रारूपे, म्हणजे त्या त्या भागासाठीची सूत्रे, लागतात. केरळातल्या थुंब्याच्या अंतराळ भौतिकी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी भारतीय फुग्यांच्या नोंदींवरून अशी सूत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध केली. पणजीच्या वेधशाळेतूनही हवामान-फुगे सोडले जातात, त्यामुळे गोव्यापुरते सूत्र बसवायला कच्चा माल हाताशी आहे. वर्षाची आणि दिवसाची लय त्यात धरली की जमिनीच्या थर्मामीटरवरचा भार कमी होतो. दुसरा मार्ग ईआरए५ सारख्या पुनर्विश्लेषणाचा, म्हणजे जुन्या नोंदी संगणकाच्या प्रारूपात घालून पुन्हा उभ्या केलेल्या वातावरणाचा: १९४० पासूनचे दर तासाचे वातावरण, सुमारे ३१ किलोमीटरच्या चौकोनांत. पण पूर्व-पश्चिम गोवा मोजून साठेक किलोमीटरचा. म्हणजे मिरामारच्या वाळूपासून सत्तरीच्या हजार मीटर उंच डोंगरांपर्यंतचा सगळा फरक जेमतेम दोन चौकोनांत कोंबायचा. उंचीची दुरुस्ती वेगळी केल्याशिवाय ते आकडे सत्तरीतल्या वाळपईला जसेच्या तसे लावू नयेत.

एवढा खटाटोप कशासाठी? फुगे साधारणपणे पहाटे आणि सायंकाळी साडेपाचच्या सुमारास जातात. मधल्या बारा तासांत अरबी समुद्रावरून किती ओल आली ते त्यांना कळत नाही. इन्सॅट-३डीआरसारख्या उपग्रहावरचे अवरक्त उपकरण ढगांखाली पाहू शकत नाही, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे ढगच ढग. जीपीएसची लहर ढगांतून आरपार येते, पावसातही येते आणि दर काही मिनिटांनी वाफेचा नवा आकडा देऊ शकते. सर्व्हे ऑफ इंडियाने जमीनमोजणीसाठी देशभर कायमस्वरूपी रिसीव्हर बसवले आहेत. असा प्रत्येक रिसीव्हर वेधशाळेचे काम करू शकतो. त्याच्या शेजारी अचूक वायुभारमापक हवा आणि गणितात स्थानिक भारित तापमान. किनारा, मधला पट्टा आणि घाटपायथा असे तीन ठिकाणचे आकडे एकत्र आले, तर ओल समुद्रावरून आत कधी शिरली आणि घाटाला कधी भिडली, हे पाऊस कोसळण्याआधी पाहता येईल.