व्यापारतोल वेगळा, व्यापारशर्ती वेगळ्या

गेटवेहून घारापुरीला जाताना वाटेत जवाहर द्वीपाच्या धक्क्याला लागलेली तेलवाहू जहाजं दिसतात. २०१४च्या मध्यात कच्च्या तेलाचं पिंप शंभर डॉलरच्या वर होतं. जानेवारी २०१६मध्ये ते तिशीच्या खाली आलं. या घसरणीमुळे भारताच्या व्यापारशर्ती सुधारल्या, व्यापारतोल मात्र तुटीतच राहिला. या दोहोंची सर्रास गल्लत होते आणि विकसनशील देशांना समजून घेताना तीच नडते.

व्यापारतोल म्हणजे निर्यातीच्या रकमेतून आयातीची रक्कम वजा जाता उरतं ते. व्यापारशर्तींत भावांची तुलना असते: निर्यातमालाच्या भावाचा निर्देशांक भागिले आयातमालाच्या भावाचा, गुणिले १००. समजा, एका यंत्रापायी पूर्वी १०० गाठी कापूस द्यावा लागे, आता १५० लागतात. देशाने २०० गाठी विकून एकच यंत्र आणलं, तर तोल शिलकीत दिसेल. पण त्याच यंत्रासाठी शेतकऱ्याचा दीडपट कापूस गेला, हे त्या शिलकीत कुठेच दिसणार नाही.

मुंबईने याची उलटी बाजू अनुभवली आहे. १८६१ ते ६५च्या अमेरिकन यादवी युद्धात इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हा इथल्या कापसाचे भाव कडाडले. शहरात पैसा खेळू लागला, बॅकबेच्या समुद्रात भराव घालणाऱ्या कंपनीच्या शेअरांवर सट्टा पेटला. युद्ध संपताच भाव कोसळले आणि त्या पडझडीत बँक ऑफ बॉम्बेही बुडाली.

हे चढउतार झाले. त्याखालचा लांब पल्ल्याचा कल राउल प्रेबिश आणि हान्स सिंगर या अर्थतज्ज्ञांनी १९५०मध्ये मांडला: कारखानी मालाच्या तुलनेत शेतमाल-खनिजांचे भाव हळूहळू घसरत जातात. उत्पन्न दुप्पट झालं म्हणून कोणी दुप्पट चहा पीत नाही. तागाची जागा प्लॅस्टिकने घेतली, रबराची बरीचशी कृत्रिम रबराने. शिवाय श्रीमंत देशांत उत्पादकता वाढली की कामगारांचे पगार वाढतात, गरीब देशांत मालाचा भाव उतरतो. मला हे शेवटचं कारण सर्वांत अन्यायाचं वाटतं. हा कल सरळ रेषेत चालत नाही, हेही खरं. २०००नंतर चीनच्या मागणीने धातूंचे भाव वर्षानुवर्षं चढे राहिले.

कारखानी मालाकडे वळल्यानेही आपोआप सुटका होत नाही. साधे टी-शर्ट बांगलादेश, व्हिएतनाम, कंबोडिया आणि आपलं तिरुपूर सगळेच शिवतात, मग खरेदीदार भाव पाडून मागतो. म्हणून निर्यातवाढीची बातमी आली की मी आधी पाहतो, वाढ नगांत झाली की भावात.