अटीला ऑब्जेक्टचे रूप: 'प्रेडिकेट' इंटरफेसची पार्श्वभूमी

मार्च 2014 मध्ये आलेल्या जावा 8 या प्रोग्रॅमिंग भाषेच्या आवृत्तीत 'प्रेडिकेट' (दिलेले मूल्य अटीत बसते की नाही, हे खरे-खोटे असे सांगणारा) हा इंटरफेस, म्हणजे कोणत्या मेथड हव्यात हे ठरवून देणारा करार, होता आणि त्यामुळे एखादी अट 'इफ'मध्ये जागच्या जागी न लिहिता तिला नाव देऊन मेथडकडे (क्लासमधल्या फंक्शनकडे) सोपवणे या भाषेत सोपे झाले. कल्पना मात्र बरीच जुनी आहे. फंक्शन हेही दुसऱ्या फंक्शनला देता येण्याजोगे मूल्य आहे, हा विचार अलोन्झो चर्च यांच्या 1930 च्या दशकातील लॅम्डा कॅल्क्युलसमध्ये आढळतो, तर तर्कशास्त्रातला 'प्रेडिकेट' हा शब्द जॉन मॅकार्थी यांनी 1960 मध्ये लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेची मांडणी करताना खरे-खोटे सांगणाऱ्या फंक्शनांसाठी वापरला.

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड परंपरेत या विचाराचे सर्वांत निर्मळ रूप मला स्मॉलटॉक-80 या भाषेत दिसते. तिथे 'इफ' हे वेगळे विधानच नाही. 'ट्रू' आणि 'फॉल्स' हे स्वतः ऑब्जेक्ट आहेत. त्यांना संदेश पाठवताना कोडचे दोन ब्लॉक सोबत दिले जातात आणि त्यांतला कोणता चालवायचा हे तो ऑब्जेक्टच ठरवतो. (वेगासाठी कंपायलर सहसा अशा संदेशांचे थेट उडीच्या आज्ञांत रूपांतर करतो, पण भाषेची भूमिका त्याने बदलत नाही.)

जावाच्या पहिल्या आवृत्तीतही 'फाइलनेमफिल्टर' होता, म्हणजे 'अ‍ॅक्सेप्ट' या एकाच मेथडचा इंटरफेस. पण एका ओळीच्या अटीसाठी पूर्ण क्लास लिहावा लागे, आणि 1997 मध्ये जावा 1.1 ने अनामिक क्लास दिले तरी शब्दपसारा फारसा आटोपला नाही. पुढे जावा 8 मध्ये लॅम्डा, म्हणजे नाव न देता जागीच लिहिलेले छोटे फंक्शन, आणताना रचनाकारांनी फंक्शनचा स्वतंत्र प्रकार निर्माण न करता एकच अमूर्त (जिचा कोड इंटरफेसमध्ये नसतो अशी) मेथड असलेला कोणताही इंटरफेस लॅम्डाला पात्र ठरवला. हा निर्णय मला दूरदृष्टीचा वाटतो, कारण त्यामुळे 'कम्पॅरेटर', 'रनेबल' आणि तो जुना 'फाइलनेमफिल्टर' यांना धक्का न लावता त्यांच्या जागी लॅम्डा देता येऊ लागला. त्याची किंमतही होती: पूर्णांकासारख्या मूलभूत प्रकारांसाठी वेगळे इंटरफेस लागल्याने, 'प्रेडिकेट' ज्या पॅकेजमध्ये (गटात) आहे त्यातल्या इंटरफेसची संख्या जावा 8 मध्ये 43 वर गेली.

ओळी वाचल्या हा यातला लहान लाभ. 'खाते सुरू आहे' आणि 'मुदत संपलेली नाही' या अटी स्वतंत्रपणे तपासून 'अँड', 'ऑर' आणि 'निगेट' या मेथडनी हव्या तशा जोडता येतात, हा मोठा. मेथडचा नुसता निर्देश (लॅम्डाऐवजी तिचे नाव) देऊन त्याचा नकार मागणे तेवढे अवघड राहिले होते. 2018 मध्ये जावा 11 ने 'नॉट' ही स्टॅटिक (ऑब्जेक्टशिवाय बोलावता येणारी) मेथड देऊन ती अडचण दूर केली.