मुलांच्या रक्तातील शिसे तपासणी: सोलापुरात कामाला आलेल्या कुटुंबांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

या तपासणीचा वेगळा छापील अर्ज नसतो. वाट राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून, म्हणजे मुलांच्या सरकारी आरोग्य तपासणीतून जाते. पण तपासणी करणाऱ्या पथकाच्या आजारांच्या ठरलेल्या यादीत शिसे नाही, म्हणून पालकांनी किंवा अंगणवाडी सेविकेनेच ते बोलून दाखवावे लागते.

कार्यक्रम 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. अंगणवाडीत पथक वर्षातून दोनदा येते, सरकारी शाळेत एकदा. कर्नाटक-तेलंगणातून आलेल्या कुटुंबाचे इथे रेशनकार्ड नसले तरी मूल अंगणवाडीत घालता येते. घरात कुणी बॅटऱ्या फोडत, शिसे वितळवत, जुना रंग खरवडत असेल, तर सहा वर्षांखालचे मूल आधी दाखवा. रांगणारे मूल जमिनीवरची धूळ हातांनी तोंडात नेते, आणि त्याचे शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शिसे शोषते.

माता-बाल संरक्षण कार्ड, आई किंवा वडिलांचे आधार आणि हिमोग्लोबिनचे जुने रिपोर्ट सोबत घ्या. सगळ्यांत मोलाचा कागद मात्र साधा, हाताने लिहिलेला: वडिलांचे काम काय, ते कुठे चालते, कामाचे कपडे घरात येतात का, मूल माती खाते का, डोळ्यांत सुरमा घालता का. हा कागद नसेल तर ‘अशक्तपणा’ लिहून लोहाचे सिरप देऊन मुलाला परत पाठवले जाते. सिरप हवेच, कारण लोह कमी असले की शिसे जास्त शोषले जाते. पण मूळ कारण तसेच राहते.

पथकाची संदर्भ चिठ्ठी घेऊन डीईआयसीत (मुलांच्या पुढील तपासणी-उपचारांचे जिल्हा केंद्र) किंवा सिव्हिल हॉस्पिटलच्या बालरोग ओपीडीत जा आणि ‘ब्लड लेड’ लिहून मागा. खर्च आधी विचारा: 15 ऑगस्ट 2023 पासूनची मोफत सेवा सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत आहे, पण सिव्हिल वैद्यकीय महाविद्यालयाचे आहे, म्हणून तिथे ती लागू असेलच असे नाही.

रक्त शिरेतूनच काढायला सांगा. बोट टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरची धूळ मिसळली की आकडा खोटा वाढतो.

100 मिलीलिटर रक्तात 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त आढळले, तर उगम शोधून थांबवावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 45 किंवा जास्त आढळल्यास औषधोपचार लागतो. पण मूल पुन्हा त्याच धुळीत गेले तर आकडा परत चढतो. म्हणून कामाचे कपडे बाहेरच बदला, वेगळे धुवा, आणि केर कोरडा न काढता ओल्या फडक्याने पुसा.

अमेरिकेत आलेल्या निर्वासितांच्या लहान मुलांची तपासणी तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा करतात, कारण नव्या घरातही शिसे असू शकते. इथेही खोली किंवा काम बदलले की सेविकेला कळवा आणि पुढच्या भेटीच्या यादीत नाव घालून घ्या.