‘माझं चित्र काढून लोकांना दाखव’: अमाबिएच्या मागचा इतिहास

क्योतो विद्यापीठाच्या ग्रंथालयात लाकडी ठशावरून छापलेला एक कागद जपून ठेवला आहे. कागदावर लाटांमधून वर आलेला एक जीव आहे. पायघोळ केस, पक्ष्यासारखी चोच, पत्त्यातल्या चौकटसारखे डोळे, मानेखाली अंगभर खवले आणि पायांच्या जागी तीन फाटे. रेघ कच्ची आहे. सराईत चित्रकाराचा हात इथे लागलेला नाही, हे पाहताक्षणी कळतं.

शेजारचा मजकूर जेमतेम काही ओळींचा. हिगो प्रांतात, म्हणजे आजच्या कुमामोतोच्या किनाऱ्यावर, रोज रात्री समुद्रात काहीतरी चमकायचं. तिथला अधिकारी पाहायला गेला, तेव्हा हा जीव पाण्यातून वर आला आणि म्हणाला, ‘मी समुद्रात राहणारी अमाबिए. यंदापासून सहा वर्षं सगळ्या प्रांतांत पीक चांगलं येईल. पण रोगाची साथही येईल. लवकर माझं चित्र काढून लोकांना दाखव.’ एवढं बोलून ती पुन्हा समुद्रात गेली. शेवटी जपानी कालगणनेतली तारीख आहे, कोका ३, चौथ्या महिन्याचा मध्य. आपल्या हिशेबाने १८४६ चा मे महिना.

२०२० मध्ये हाच जीव जगभर पोचला आणि ‘साथीपासून वाचवणारी जपानी जलपरी’ अशी त्याची ओळख झाली. पण मूळ मजकूर पुन्हा वाचावा. चित्र पाहिलं की रोग टळेल, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. अमाबिए फक्त सांगते की चांगलंही येणार आहे, वाईटही येणार आहे, तू चित्र काढ आणि दाखव. जीव वाचण्याचं वचन लोकांनी आपल्या मनाने त्यात घातलं. मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत हृद्य गोष्ट हीच वाटते. माणसाला हाताला काहीतरी काम हवं होतं आणि त्या कागदाने ते दिलं.

ते दिवस तसेच होते. १८३३ पासून चार-पाच वर्षं जपानमध्ये तेन्पो काळातला भीषण दुष्काळ पडला होता. किनाऱ्याजवळ परदेशी जहाजं दिसू लागली होती आणि दोनशेहून जास्त वर्षं दारं लावून बसलेल्या राज्याला त्यांचं काय करायचं ते उमगत नव्हतं. अमाबिएच्या कागदानंतर दोनच महिन्यांनी अमेरिकेची दोन जहाजं एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, आखातात येऊन ठेपली. राज्यकारभाराविषयी छापायला बंदी होती. मग बातमी चालायची ती ‘कावाराबान’ नावाच्या सुट्या पत्रकांतून. आगी, भूकंप, सूडाच्या हकिकती, विचित्र जन्म, सगळं त्यात यायचं. विक्रेते भररस्त्यात मोठ्याने वाचत ती विकायचे. अमाबिएचा कागद त्यातलाच.

आणि ती एकटी नव्हती. दुष्काळ ऐन भरात असताना, १८३६ च्या साली, एका कावाराबानवर ‘कुदान’ अवतरला होता. अंग गाईचं, तोंड माणसाचं. माझं चित्र घरात लावा, घर सुखरूप राहील आणि पीक भरघोस येईल, असं तो सांगतो. त्याआधी १८१९ मध्ये ‘जिंजाहिमे’ नावाची सर्पदेही स्त्री हिझेन प्रांताच्या किनाऱ्यावर दिसल्याची नोंद आहे. सात वर्षं सुगी, नंतर ‘कोरोरी’ नावाचा रोग, आणि उपाय म्हणून तिचं चित्र. अमाबिएचा तर सख्खा भाऊ म्हणावा असा ‘अमाबिको’ आहे, अंगावर केस आणि तीन पाय असलेला. १८४४ च्या एका हस्तलिखितात तो बजावतो की यंदा देशातली दहापैकी सात माणसं मरतील, माझं चित्र पाहणारी तेवढी वाचतील. जपानी लिपीत ‘को’ आणि जुनं ‘ए’ ही अक्षरं दिसायला जवळची. त्यामुळे नक्कल करताना कुणाचा तरी हात चुकला आणि ‘अमाबिको’ची ‘अमाबिए’ झाली असावी, असं काही अभ्यासक मानतात. मला हे पटतं. अमाबिकोचे अनेक कागद सापडले आहेत, अमाबिएचा मात्र हा एकुलता एक.

जिंजाहिमेच्या तोंडी आलेला ‘कोरोरी’ हा शब्द पुढे कॉलऱ्याला चिकटला. माणूस धाडकन कोसळून मरतो, हे त्या शब्दाच्या नादातच आहे. हा रोग जपानला कुठून गेला हे मराठी वाचकाने लक्षात ठेवायला हवं. १८१७ मध्ये बंगालमध्ये जेसोरच्या बाजूला साथ भडकली. १८१८ मध्ये ती दख्खन ओलांडून मुंबईला आली आणि १८२२ मध्ये जहाजांबरोबर जपानच्या पश्चिम भागात उतरली. आपल्याकडे तिला पटकी म्हणत, आणि आणणारी व नेणारी एकच, मरीआई. साथ आली की मरीआईचा लहानसा लाकडी गाडा करायचा, त्यावर मूर्ती, कडुलिंबाचा पाला, लिंबं, दहीभाताचा नैवेद्य ठेवायचा आणि वाजतगाजत शिवेपर्यंत न्यायचा. गाडा शिवेपार गेला की साथ गेली. पण आपली शीव म्हणजे शेजारच्या गावाचीही शीव. ते लोक तो गाडा पुढच्या गावाच्या हद्दीत ढकलत. भीती अशी गावोगाव फिरत राही.

जपानला दुसरा, जबर फटका १८५८ मध्ये बसला. ‘मिसिसिपी’ ही अमेरिकी युद्धनौका चीनकडून नागासाकीला आली आणि तिच्याबरोबर साथ आली. काही आठवड्यांत ती एदोत पोचली. स्मशानांत दहनासाठी ताटकळलेल्या शवपेट्यांच्या राशी त्या काळच्या चित्रांत आहेत. त्याच दिवसांत फुजी पर्वताजवळच्या काई प्रांतात इचिकावा नावाच्या गावचा मुखिया किझाएमोन रोजनिशी लिहीत होता. ऑगस्टच्या सुमाराला त्याने एका पक्ष्याचं चित्र काढलं. कावळ्यासारखं अंग आणि दोन मुंडकी, एक काळं, एक पांढरं. खाली लिहिलं की आदल्या वर्षी हाकुसान पर्वतावर हा पक्षी दिसला होता. पुढच्या वर्षी दहांतली नऊ माणसं मरावीत असं संकट येईल, सकाळ-संध्याकाळ माझी मूर्ती भक्तिभावाने पुजणारे वाचतील, असं तो म्हणाला होता. गावात मृत्यूच्या बातम्या येताहेत, आपण मुखिया आहोत, आणि हातात फक्त कुंचला आहे. ही नोंद वाचताना मला पक्ष्यापेक्षा तो लिहिणारा माणूस डोळ्यांपुढे येतो.

मात्र सगळे उपाय असे निरुपद्रवी नव्हते. साथ म्हणजे कोल्ह्याची बाधा, तीही परदेश्यांनी जहाजातून आणलेली, अशी वदंता पसरली. कोल्ह्याला भारी पडतो तो लांडगा. म्हणून चिचिबुच्या डोंगरातल्या मित्सुमिने देवस्थानाचे लांडग्याचे ताईत आणायला माणसांची रीघ लागली. लांडग्याच्या कवट्यांनाही मागणी आली. जपानी लांडग्याची शेवटची खात्रीलायक नोंद १९०५ ची आहे. पिसाळणं, विषप्रयोग, बक्षिसं लावून केलेली शिकार ही तो नाहीसा होण्याची मोठी कारणं, पण भीतीपोटी झालेली कवट्यांची ही ओढही त्या कहाणीत आहे.

इथे मला साथ बाजूला ठेवून भूकंपाकडे वळायचं आहे, कारण या प्राण्यांचं काम तिथे अधिक स्पष्ट दिसतं. ११ नोव्हेंबर १८५५ च्या रात्री एदो हादरलं. सात ते दहा हजार माणसं गेली. पुढच्या दोनेक महिन्यांत शहरात मांगूरमाशासारख्या मिशीवाल्या एका अजस्र माशाची दोनशेहून अधिक वेगवेगळी चित्रं निघाली. जपानी लोकसमजुतीप्रमाणे हा ‘नामाझू’ जमिनीखाली राहतो आणि काशिमाच्या देवाने त्याला शिळेखाली दाबून ठेवलं आहे. भूकंप झाला तो दहाव्या महिन्यात, जेव्हा सगळे देव इझुमो या तीर्थक्षेत्री जमतात अशी श्रद्धा आहे. म्हणजे राखणदार गावाला गेला आणि माशाने डाव साधला! चित्रांत लोक काठ्या-मुसळं घेऊन त्याला बडवतात. काहींत सुतार आणि गवंडी त्याच्या पाया पडतात, कारण पडलेलं शहर उभं करायचं म्हणजे त्यांच्या हाताला काम. शेवटी सरकारने ही छपाई बंद पाडली. पण तोवर राग, दुःख, हेवा, सगळं त्या माशाने अंगावर घेतलं होतं.

त्याच शहरात १ सप्टेंबर १९२३ ला पुन्हा महाभूकंप झाला. मधे अडुसष्ट वर्षं गेली होती. शाळा आल्या होत्या, वर्तमानपत्रं आली होती, भूगर्भशास्त्र आलं होतं. या वेळी कोरियन लोक विहिरींत विष कालवताहेत अशी अफवा उठली, सरकारी यंत्रणेनेही ती पुढे ढकलली, आणि जमावांनी, काही ठिकाणी पोलीस व सैनिकांनीही, हजारो कोरियनांना ठार मारलं. शेकडो चिनी मजूरही त्यात गेले. १८५५ मध्ये मार मासा खात होता. तो मासा अंधश्रद्धा म्हणून मोडीत निघाला, पण त्याच्या जागेवर माणूस उभा केला गेला.

याची चुणूक आधीच दिसली होती. मेइजी काळातल्या, म्हणजे १८६८ नंतरच्या, वर्तमानपत्रांनी अमाबिकोची चित्रं विकणाऱ्यांची भरपूर हेटाळणी केली, लोक मात्र कॉलरा आला की ती दाराला चिकटवतच राहिले. १८७७ मध्ये कामोगावा या मासेमारीच्या गावात नुमानो गेनशो नावाचे डॉक्टर विहिरींत जंतुनाशक टाकत होते. हा विष टाकतो आहे, असं समजून गावकऱ्यांनी त्यांचा जीव घेतला. दाराला चिकटवलेल्या कागदाने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धात कुदान परतला. तो जन्मला आहे, युद्ध लवकर संपेल म्हणतो, अझुकी हे लाल कडधान्य घालून शिजवलेला भात खाल्ला तर बॉम्बहल्ल्यातून वाचाल, अशा अफवांची दखल पोलिसांनाही घ्यावी लागली.

मग २०२०. फेब्रुवारीच्या अखेरीस भुताखेतांची चित्रं विकणाऱ्या एका दुकानाने ट्विटरवर अमाबिएची आठवण काढली आणि मार्चमध्ये जो तो तिला काढू लागला. मंगा म्हणजे जपानी चित्रकथा काढणारे, शाळकरी मुलं, मिठाईवाले, कुंभार, साकेच्या बाटल्यांची लेबलं छापणारे. त्या वर्षीच्या गाजलेल्या शब्दांच्या यादीत तिचं नाव पहिल्या दहात आलं. टाळेबंदीत फोनवर ती चित्रं सरकवताना मला आपल्या दारांवरच्या रांगोळ्या आठवत होत्या, त्यांनीही काही थांबवलेलं नव्हतं, तरी त्या काढल्या जात होत्या.

९ एप्रिलला जपानच्या आरोग्य मंत्रालयाने अमाबिएचं चित्र असलेलं भित्तिपत्रक काढलं. बरोबर सात दिवसांनी, १६ एप्रिलच्या रात्री, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावात चोर आणि मुलं पळवणारे फिरताहेत या अफवेवरून जमावाने दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक यांना मारून टाकलं. दोन वर्षांपूर्वी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी अशाच अफवेने गेले होते. मोबाइलवरून फिरलेल्या त्या संदेशांतही एक बागुलबुवाच होता. त्याला चोच नव्हती, खवले नव्हते, तीन पाय नव्हते. तो वाटेने जाणाऱ्या कुठल्याही अनोळखी माणसासारखा दिसत होता.

मंत्रालयाच्या त्या भित्तिपत्रकावर अमाबिएबरोबर एक छोटं वाक्य होतं. हिगोच्या किनाऱ्यावर ती हे बोलली नव्हती, १७४ वर्षांनी तिच्या शेजारी ते लिहिलं गेलं: ‘नकळत आपल्याच हातून पसरतं.’