ऑनलाइन सेवा थांबली म्हणजे कन्सोल निकामी झाला, असे नाही

‘निन्टेंडोने सर्व्हर बंद केले, त्यामुळे थ्रीडीएस आणि वी यू हे तिचे खेळांचे कन्सोल भंगारात काढण्याजोगे झाले, विकत घेतलेले खेळही गेले,’ हा समज अजूनही सर्रास ऐकू येतो. तो चुकीचा आहे. २७ मार्च २०२३ रोजी बंद झाली ती ई-शॉप या कंपनीच्या ऑनलाइन दुकानातील नवी खरेदी, आणि एप्रिल २०२४ मध्ये थांबला तो इंटरनेटवरून एकमेकांशी खेळण्याचा भाग. आधी घेतलेले खेळ पुन्हा उतरवून घेण्याची सोय कंपनीने त्या वेळी चालूच ठेवली. मात्र ती कायम राहील असे वचन दिलेले नाही, म्हणून आपले खेळ वेळीच उतरवून ठेवावेत, असे मी कळकळीने सांगेन.

थ्रीडीएसवरील जवळच्या जवळ खेळणे तर सर्व्हरवर मुळीच अवलंबून नाही. दोन यंत्रे बिनतारी लहरींनी थेट जोडली जातात, त्यामुळे एकाच खोलीत बसलेली भावंडे आजही ‘मारिओ कार्ट ७’ची शर्यत लावू शकतात, आणि स्ट्रीटपास, म्हणजे जवळून जाणाऱ्या दुसऱ्या थ्रीडीएसशी आपोआप होणारी माहितीची देवाणघेवाण, जुळताच यंत्रावरचा इवलासा दिवा पूर्वीसारखाच हिरवा लुकलुकतो. खरे नुकसान झाले ते केवळ ई-शॉपवरच मिळणाऱ्या, कार्ट्रिजवर किंवा अन्य कन्सोलवर कधीच न आलेल्या खेळांचे. ते आता नव्याने विकत घेता येत नाहीत.